दोन सुतांची खोबण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी चिखलीचा सुतार. बुलडाणा, मेहकर, खामगाव आणि जालन्याकडच्या वाटा जिथं येऊन मिळतात ते घाटावरचं आमचं गाव. सुतारकी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. भाषणासाठी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘खोबणीवर बोलतो.’ समोरच्या साहेबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. एका खोबणीवर हा माणूस इतका वेळ काय बोलणार, असं त्यांना वाटलं असेल. तुम्हालाही वाटेल. म्हणून आधी खोबण म्हणजे काय ते सांगतो.

लाकडात जागा कोरून तिच्यात दुसरी वस्तू बसवायची, ती जागा म्हणजे खोबण. घरातलं एखादं जुनं दार उघडून बघा. बिजागरीचं पान लाकडाच्या अंगाशी अगदी बरोबरीनं बसलेलं दिसेल. त्या पानासाठी सुतारानं पटाशीनं उथळ घर कोरलेलं असतं. ते घर खोल झालं तर दार चौकटीला दाबतं आणि उथळ राहिलं तर फट पडते. दार जाडजूड असतं, तिथं थोडं इकडंतिकडं झालं तरी खाली पातळ चकती घालून निभावून नेता येतं.

आज मी ज्या खोबणीबद्दल बोलणार आहे, तिथं असं निभावता येत नाही. फळीच मुळी अर्ध्या इंचाची. आम्हा सुतारांच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. म्हणजे ही चार सुती फळी. तिच्यात दोन सूत खोल कोरायचं आणि खाली दोन सूत शाबूत ठेवायचं. तुमच्या फूटपट्टीवर हे दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरांहून किंचित जास्त. एवढ्यात तळ सगळीकडं सारखा सपाट यायला हवा. हे काम कशासाठी? तर अंगणवाडीतल्या लेकरांच्या आकारांच्या पाटासाठी.

हा पाट तुम्ही पाहिला असेल. फळीत गोल, चौकोन, त्रिकोण, लंबगोल अशा खोबणी असतात आणि त्यांत बसणारे तेच आकार वेगळे असतात. प्रत्येक आकाराला धरायला छोटी लाकडी मूठ. तीन-चार वर्षांचं मूल आकार काढतं, मिसळतं आणि पुन्हा जागच्या जागी बसवतं. दिसायला खेळणं आहे, पण त्यामागं मोठा विचार आहे आणि तो फार लांबून आपल्यापर्यंत आला आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एदुआर सेगँ नावाचे डॉक्टर होते. ज्यांना शिकवणं शक्यच नाही असं त्या काळी लोक म्हणत, अशा बौद्धिक अक्षम मुलांना ते हाताच्या कामातून शिकवत. आकार खोबणीत बसवायचा पाट त्यांच्या साधनांत होता. त्यांचं काम मारिया माँटेसरी यांनी अभ्यासलं आणि ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हा अशी साधनं सगळ्याच मुलांच्या हाती दिली. आपल्याकडं भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. तिथं त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. त्या लग्नानंतर काही वर्षं आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला राहिलेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. परदेशी महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, तेव्हा गावात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि गावच्या कारागिराच्या हातून साधनं व्हावीत, हा त्यांचा आग्रह. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हेही त्यांनीच करून दाखवलं. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारी बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर पोचल्या, त्याआधीची ही गोष्ट.

आता या पाटामागचा विचार. माँटेसरीबाईंचं म्हणणं असं, की मुलाची चूक मोठ्या माणसानं दाखवू नये, साधनानं दाखवावी. त्रिकोण चौकोनाच्या खोबणीत जात नाही. बाई काही बोलत नाहीत, रागवत नाहीत. लाकूडच सांगतं, ‘इथं नाही, दुसरीकडं बघ.’ मूल फिरवून बघतं, सरकवून बघतं, शेवटी बसतं. ‘मला जमलं’ हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

पण श्रोतेहो, या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे लाकूड खरं बोलेल. आणि लाकडानं खरं बोलायचं की खोटं, हे सुताराच्या हातात असतं.

माझी सून अंगणवाडीत सेविका आहे. तिच्या अंगणवाडीत कुठून तरी आलेला एक पाट होता. पावसाळ्याचे दिवस होते. मी तिथं दाराची कडी बसवायला गेलो होतो. एक चार वर्षांची पोरगी तो पाट घेऊन बसली होती. चौकोन तिनं बरोबर चौकोनाच्या खोबणीवर ठेवला, दाबला, पण तो आत जाईना. तिनं काढून फिरवला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदाही तो बसला नाही, तेव्हा तिनं तो बाजूला ठेवला आणि त्रिकोणाच्या खोबणीवर नेऊन पाहिला. नंतर पाट तिथंच टाकून ती उठून गेली. माझी सून म्हणाली, ‘‘लेकराचं काई चुकत नाई मामाजी, पाटच चुकते.’’

मी तो पाट हातात घेऊन पाहिला. लाकूड फुगलेलं होतं, हे एक. खोबणीच्या भिंती खाली निमुळत्या होत गेलेल्या, म्हणजे वर जागा होती आणि खाली नव्हती. आणि तळाला मधोमध उंचवटा. गोल कसाबसा आत जाई, पण दाबला की टकटक वाजे, एका बाजूनं खाली जाई आणि दुसरीकडून वर येई. मुलीनं बरोबर उत्तर दिलं होतं आणि पाट तिला चूक म्हणत होता. मोठा माणूस म्हणेल, ‘सुतार वाईट दिसतो.’ चार वर्षांचं लेकरू तसं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘मला येत नाही.’

म्हणून आता ही खोबण नीट कशी करायची ते सांगतो. ऐकणाऱ्यांत सुतारकाम शिकणारी मुलं असतील, आयटीआयची पोरं असतील, त्यांच्यासाठी.

सुरुवात लाकडापासून. मी जुनं सागवान घेतो. माळवदी घरं, वाडे पडतात, त्यांच्या तुळया, चौकटी निघतात. ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. आधी खिळे शोधून काढायचे, नाहीतर रंध्याची धार गेलीच म्हणून समजा. फळीच्या टोकाकडं बघायचं. झाडाच्या वयाच्या ज्या रेघा असतात, त्या टोकाला उभ्या दिसत असतील तर ती फळी कमी वाकते. आडव्या, कमानीसारख्या दिसत असतील तर ती फळी परळासारखी वळणार. अर्ध्या इंचाची फळी काढली की लगेच कोरायला घ्यायची नाही. मध्ये पट्ट्या घालून पंधरा दिवस रचून ठेवायची. जुन्या लाकडाचंही नवं अंग उघडं पडलं की ते पुन्हा हलतं.

मग आधी आकार करायचे, खोबण नंतर. आकार मी तीन सुती ठेवतो, म्हणजे दोन सूत आत बसतो आणि एक सूत वर राहतो. कोणताही आकार दोन इंचांपेक्षा लहान नको, कारण लहान मूल सगळं तोंडात घालतं. मूठ खिळ्यानं ठोकायची नाही. आकाराला भोक पाडून लाकडी खुंटीनं आणि सरसानं पक्की करायची. तयार आकार फळीवर ठेवून भोवतीनं धारदार सुरीनं रेघ ओढायची. पेन्सिलीची रेघ जाड असते, आणि तिच्या आतून कापायचं की बाहेरून, हा घोळ होतो. सुरीची रेघ लाकडाचे धागेही तोडते, त्यामुळे कडेला कपची उडत नाही. आडव्या धाग्यांवरची रेघ आधी पक्की खोल करायची, धाग्यांच्या दिशेची नंतर. उलट केलं तर पटाशीबरोबर फळी रेघेच्या पलीकडं चिरत जाते.

आता आतलं लाकूड काढायचं. इथं घाई करणारा गिरमिट घेतो. गिरमिटाच्या टोकाला सुळका असतो, तो लाकडात पुढं शिरतो आणि मागून पातं येतं. दोन इंची चौकटीत ते चालतं. चार सुती फळीत पातं दोन सुतांवर येईपर्यंत सुळका मागच्या अंगानं डोकावतो. ही अडचण जगभरच्या सुतारांची होती. बेंजामिन फॉर्स्टनर या अमेरिकी बंदूक-कारागिरानं १८७४ मध्ये एका वेगळ्या गिरमिटाचं पेटंट घेतलं. ते मधल्या सुळक्यावर चालत नाही, आपल्या गोल कडेच्या आधारानं फिरतं आणि सपाट तळाचं भोक पाडतं. ‘फॉर्स्टनर बिट’ म्हणून ते आज हार्डवेअरच्या दुकानात मागवून मिळतं. त्याला मधलं टोक नावापुरतं असतं. गोल खोबणीसाठी ते उत्तम. फक्त फळी शिकंज्यात घट्ट आवळायची, ड्रिल उभ्या स्टँडवर लावायचं आणि खोलीची अडसर आधी बांधून घ्यायची.

चौकोन, त्रिकोणाला मात्र पटाशीच. फळीखाली दुसरी सपाट जाड फळी ठेवायची, कारण खाली पोकळी राहिली तर उरलेल्या दोन सुतांना तडा जातो. भिंतीलगत पटाशीची सपाट बाजू रेघेकडं आणि उतार आतल्या बाजूला. हातोडा फक्त सुरुवातीला, पुढं हातानं ढकलत कापायचं. अर्धा अर्धा सूत करत थर काढायचे. एकदम खोल जायचं नाही, कारण लाकडाचे धागे खाली उतरत असतील तर पटाशी त्यांच्याबरोबर खाली जाते आणि मग तळाला खड्डा पडतो. खड्डा पडला की त्याच्या बरोबरीनं सगळा तळ खाली न्यावा लागतो, आणि खाली तर दोनच सूत आहेत.

शेवटचा थर पटाशीनं सपाट होत नाही. डोळ्याला सपाट दिसतो, तेवढंच. त्यासाठी एक साधं हत्यार आहे. रुंद, सपाट बुडाचा लाकडी ठोकळा, त्याच्या मधून पाचर मारून खाली काढलेलं एक अरुंद पातं. ठोकळा फळीच्या वरच्या अंगावर फिरतो आणि पातं बरोबर दोन सुतांवर खालचं लाकूड खरवडतं. वरचं अंग सपाट असेल तर तळही तितकाच सपाट येतो. इंग्रजीत त्याला राउटर प्लेन म्हणतात. जुने इंग्रज सुतार त्याला ‘म्हातारीचा दात’ म्हणत. ठोकळ्यातून खाली आलेलं ते एकुलतं एक पातं पाहिलं की नाव पटतं. बाजारात ते महाग मिळतं, पण शिसवीचा तुकडा आणि जुनी अरुंद पटाशी असली तर एका दुपारी घरी तयार होतं.

तळ तपासायची युक्ती सांगतो. खोबणीपेक्षा लहान सपाट ठोकळ्याच्या बुडाला कोळशाची पूड चोळायची आणि तो तळावर हलकेच फिरवायचा. जिथं काळं लागलं तिथं उंचवटा. तेवढाच खरवडायचा, पुन्हा फिरवायचा. काळं सगळीकडं सारखं लागलं की काम झालं.

आता आकार खोबणीत घट्ट बसतो. तसाच ठेवला तर श्रावणात तो अडकणार. चैत्रात रेणुकामातेच्या यात्रेच्या सुमारास आमच्याकडं लाकूड खडखडीत वाळलेलं असतं, पावसाळ्यात तेच दमट होऊन फुगतं. आणि लाकूड फुगतं ते आडवं, धाग्यांच्या दिशेनं जवळजवळ नाही. म्हणून चौकोन-त्रिकोणांचे धागे पाटाच्या धाग्यांच्या दिशेनंच ठेवायचे, म्हणजे दोघं बरोबरीनं फुगतात. गोलाचं तसं नाही. मूल गोल कसाही फिरवून बसवणार. पावसाळ्यात गोल किंचित लंबगोल होतो आणि आडवा फिरला की अडकतो. म्हणून भोवती सगळीकडून एक पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवायची, गोलाला त्याहून थोडी जास्त. ही फट करताना खोबण मोठी करायची नाही, आकाराची कड कानसीनं उतरवायची. आकार बिघडला तर दुसरा करता येतो. खोबण बिघडली तर सहा खोबणींचा अख्खा पाट जातो.

एका अंगानं कोरलेली पातळ फळी वाकते. म्हणून मागून धाग्यांना आडव्या दोन पट्ट्या स्क्रूनं लावायच्या. पट्टीतली भोकं थोडी लांबट ठेवायची, म्हणजे फळीला फुगायला जागा राहते. तेल दोन्ही अंगांना सारखं द्यायचं. मी रंग लावत नाही. घरगुती रंगांतल्या शिशावर सरकारनं २०१६ च्या नियमांनी दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा घातली, पण जुना डबा कोणत्या सालचा हे कोण बघतो? आपल्या वऱ्हाडात जवस पिकतो. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल पातळ हातानं तीनदा द्यायचं आणि प्रत्येक वेळी चांगलं वाळू द्यायचं. एक सावधगिरी मात्र घ्या. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उन्हात पसरून वाळवा, मग टाका.

कुणी म्हणेल, ‘एवढा खटाटोप कशाला? पातळ प्लायवूडमध्ये आरपार आकार कापायचे आणि मागून दुसरा पत्रा चिकटवायचा. तळ आपोआप सपाट.’ खरं आहे. कारखान्यात बहुतेक पाट असेच होतात, आणि चांगला डिंक, चांगलं प्लायवूड असेल तर ते वाईट नसतात. मशीनचा राउटर आणि साचा वापरूनही सफाईदार खोबणी होतात, फक्त कोपरे गोल राहतात, ते पटाशीनं काढावे लागतात. मशीनशी माझं भांडण नाही. पन्नास पाट करायचे असतील तर मीही मशीनच घेईन. भांडण आहे ते ‘लेकरांचंच तर आहे, चालतंय’ असं म्हणण्याशी. ओल लागून सुटलेला पत्रा, फुगलेला भुश्शाचा बोर्ड, टकटकणारा आकार, हे सगळं त्या एका शब्दात खपवलं जातं.

मला हातानं असा सहा आकारांचा पाट करायला दोन दिवस लागतात. दोन दिवसांची मजुरी एका खेळण्याला कुणी देत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या आजोबांचं पोट तिफण, वखर, डवऱ्यावर चालत होतं. ट्रॅक्टर आला आणि ते काम गेलं. मग दारं, खिडक्या होत्या, तिथं लोखंड आणि प्लास्टिक आलं. गावोगावच्या सुतारांची मुलं आता हत्यार हातात धरत नाहीत, त्यांना मी दोष देत नाही. पण प्रत्येक गावात अंगणवाडी आहे. तिथल्या कामाला गावातल्या सुताराचा हात लागला तर दोघांचंही भलं होईल. विकायला करणाऱ्यांनी नियम समजून घ्यावेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे, हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा आधी नोंदणी करून घ्यावी.

आणि सेविकाताई, सरपंच, गावातली मंडळी, तुम्ही पाट घेताना चार गोष्टी बघा. प्रत्येक आकार बसवून त्याच्या कडा आलटूनपालटून दाबा, टकटक वाजता कामा नये. गोल चारी दिशांनी फिरवून बसवा, कुठंच अडकायला नको. फूटपट्टीची कड खोबणीच्या तळाला उभी टेकवा, खालून उजेड दिसायला नको. शेवटी सगळा पाट सतरंजीवर उलटा करा, सगळे आकार आपापले खाली पडले पाहिजेत. एखादा अडून बसला, तर तो लेकराच्या हातूनही निघणार नाही.

तुमच्याकडचा जुना पाट पावसाळ्यात अडकत असेल तर तो माळ्यावर टाकू नका. गावातल्या सुताराकडं न्या. आकाराची कड उतरवायची, तळ खरवडायचा, पाव-अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या सुनेच्या अंगणवाडीतला तो पाट मी असाच दुरुस्त केला. लाकूड साधं आहे, पण गेले दोन पावसाळे त्यातला एकही आकार अडलेला नाही.